भुकेच्या केंद्राची सत्तर वर्षे
येल विद्यापीठात १९५१ साली बालकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमसचा बाजूचा इवलासा भाग दोन्हीकडून विजेच्या प्रवाहाने जाळला. समोर अन्न असूनही उंदरांनी त्याला तोंड लावले नाही आणि ते उपाशीच मेले. इजा एकाच बाजूला केली, तर मात्र खाण्यात फरक पडत नसे. हायपोथॅलॅमसच्या मधल्या भागाला इजा झालेले उंदीर खाऊन खाऊन सुटतात, हे हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी १९४० सालीच दाखवले होते. दोन्ही निष्कर्ष जोडले गेले आणि बाजूला भुकेचे केंद्र, मध्ये तृप्तीचे, असा सुटसुटीत नकाशा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. आनंदांचे नाव आजही बहुधा या नकाशासाठीच घेतले जाते. माझ्या मते त्यांचे अधिक टिकाऊ काम दिल्लीत झाले आणि त्याचा रोख वेगळा होता.

भारतात परत आल्यावर लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी मांजरे आणि माकडे यांच्यावर हेच प्रयोग केले. पुढे १९५६ साली स्थापन झालेल्या एम्समध्ये त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभारला. तिथे सहकारी छीना आणि चेतातज्ज्ञ बलदेव सिंग यांच्यासह त्यांनी जाळून पाहण्याऐवजी ऐकून पाहण्याचा मार्ग धरला: रक्तातली साखर वाढवायची आणि या भागांतील विद्युत हालचाल नोंदवायची. साखर वाढली की तृप्तीच्या भागातली हालचाल वाढे. १९६२ साली हे ‘सायन्स’मध्ये आले. दोन वर्षांनी त्यांनी एकेका चेतापेशीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ‘हा भाग कुठे आहे?’ याऐवजी ‘तो शरीराची अवस्था कशी ओळखतो?’ हा प्रश्न आता पुढे आला होता.

केंद्राच्या कल्पनेवर मात्र गंभीर आक्षेप निघाले. टायटेलबॉम आणि एपस्टीन यांनी १९६२ साली दाखवले की इजा झालेल्या उंदरांना नळीने भरवून जगवले, तर ते टप्प्याटप्प्याने पुन्हा खाऊ लागतात. केंद्रच गेले असेल, तर भूक परतते कशी? १९७१ साली उंगरस्टेट यांनी डोपामिन वाहणारे तंतू नष्ट करून जवळजवळ तसाच उपास घडवला. म्हणजे आनंदांच्या विजेने त्या जागेतून केवळ जाणाऱ्या तंतूंचाही जीव घेतला असणार. हा आक्षेप खरा आहे, तो झटकता येणार नाही. पण तंतू वाचवून फक्त पेशी मारणाऱ्या रसायनांचे प्रयोग पुढे झाले, तेव्हाही खाणे कमी झाले, भले सौम्यपणे. १९९८ साली तर याच बाजूच्या भागातल्या पेशींत खाण्याला चालना देणारे ओरेक्सिन हे रसायन सापडले. नकाशा ढोबळ होता, पण पूर्ण चुकीचा नव्हता.

दुसरा आक्षेप साखरेवर. भुकेचा हिशेब एकट्या ग्लुकोजवर चालत नाही. १९९४ साली सापडलेले लेप्टिन चरबीच्या साठ्याची वर्दी मेंदूला देते, आणि ती वाचण्यात हायपोथॅलॅमसचाच आर्क्युएट भाग पुढे असतो. म्हणून दिल्लीचे उत्तर अपुरे ठरते. पण रक्तातून येणारा संदेश चेतापेशी वाचतात, हे गृहीत लेप्टिनच्या संशोधनातही तसेच उभे आहे. शिवाय १९६१ सालच्या आपल्या आढाव्यात आनंदांनी भुकेला हायपोथॅलॅमसपुरते बांधले नव्हते. मेंदूच्या वरच्या भागांचा खाण्याच्या निवडीवरील ताबाही त्यांनी विचारात घेतला होता. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र दोन केंद्रेच लिहायला सोपी पडतात.