हॅलोविनचे घरगुती चॉकलेट

ऑक्टोबरच्या 31 तारखेस, संधिप्रकाश ओसरू लागताच, नाना वेष धारण केलेली मुले दारोदार फिरून खाऊ मागतात, हा अमेरिकेतील शिरस्ता आपल्याकडील वाचकांनाही आता ऐकून ठाऊक झाला आहे. परंतु त्याच्या आदल्या दिवसांत कित्येक घरांच्या स्वयंपाकघरांत मुलांच्या हातून जे काम चालते त्याची वार्ता सहसा कोणी देत नाही, आणि माझ्या मते या सणाचा सर्वांत रसाळ भाग तोच आहे. न्यू जर्सीत मुलीच्या घरी ते काम मी जवळून पाहिले, नातवंडांच्या जोडीने केलेही, म्हणून त्याचा तपशील येथे देत आहे.

कामाचा प्रारंभ चॉकलेटपासून होत नाही, भोपळ्यापासून होतो. आयर्लंडमधील लोक या रात्री सलगम कोरून त्यात दिवा लावीत. एकोणिसाव्या शतकात ते मोठ्या संख्येने अमेरिकेत आले, तेव्हा सलगमाहून थोर आणि कोरण्यास सोपा असा भोपळा त्यांना तेथे आयताच मिळाला. तो कोरताना निघालेल्या बिया मुलांनी कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढावयाच्या, त्यांना चिकटलेले तंतू पाण्यात चोळून सोडवावयाचे, मग त्या रात्रभर फडक्यावर वाळवून, तेलमीठ लावून, सालीवर तांबूस छटा येईपर्यंत भट्टीत भाजावयाच्या. चॉकलेटच्या पातळ वडीवर पेरण्यास या खमंग, खारट बियांसारखा दुसरा जिन्नस नाही. सोबत संत्र्याच्या सालीचा बारीक कीस असला की झाले.

खरी परीक्षा पुढे आहे. चॉकलेटमधील स्निग्धांश, ज्यास कोको बटर म्हणतात, तो थिजताना सहा निरनिराळ्या प्रकारांची स्फटिकरूपे घेऊ शकतो. त्यांपैकी पाचवे रूप तेवढे आपल्या कामाचे, कारण ते सुमारे 34 अंश सेल्सियसला वितळते, आणि म्हणूनच चांगले चॉकलेट बोटांत धरले असता टिकते, मोडले असता टणत्कार करते आणि मुखाच्या उष्णतेत मात्र निमूट विरघळते. हे रूप आपोआप येत नाही. गडद चॉकलेटचे दोन तृतीयांश तुकडे गरम पाण्याच्या वाफेवर ठेवलेल्या भांड्यात वितळवून 45 अंशांच्या थोडे वर न्यावयाचे, मग भांडे उतरवून, बारीक चिरून राखून ठेवलेला उरलेला तृतीयांश चिमटीचिमटीने त्यात मिसळीत, अखंड ढवळीत, 31 ते 32 अंशांपर्यंत खाली आणावयाचे. त्या राखून ठेवलेल्या तुकड्यांत इष्ट स्फटिक आधीच असतात, आणि वितळलेल्या द्रवाला ते आपले वळण लावतात.

तापमापक नातवाच्या हाती होता आणि ढवळण्याचे काम नातीकडे. 35 अंशांशी येऊन पारा जणू अडून बसला, तेव्हा मी भांडे ओतण्यासाठी उचलू लागलो, त्यावर तो सात वर्षांचा मुलगा, दृष्टी आकड्यावरून न हलविता, म्हणाला, “आजोबा, थांबा, अजून तीन अंश आहेत.” मी थांबलो. त्या क्षणी त्या ओट्यावरचा अधिकार नि:संशय त्याचा होता, आणि तो त्याने ज्या गांभीर्याने बजावला ते पाहून माझे मन भरून आले. वडीलधारी माणसे पुष्कळदा चॉकलेट स्वतः सिद्ध करून ठेवतात आणि मुलांना फक्त वर रंगीत दाणे टाकावयास बोलावतात. यात मुलांवर अन्याय होतो असे माझे स्पष्ट मत आहे. वाट पाहण्याचा तो दीर्घ, कंटाळवाणा वाटणारा भाग मुलांना फार आवडतो, मात्र त्यांना त्यातील कारण सांगितले पाहिजे.

कारणे सांगण्यास जागाही पुष्कळ आहेत. भांड्यात पाण्याचा एखादा थेंब पडला, तर साखरेचे कण ओले होऊन एकमेकांस बिलगतात आणि तुकतुकीत द्रवाचा दाणेदार गोळा होतो. म्हणून चमचा कोरडा असावा, आणि पांढऱ्या चॉकलेटला नारिंगी करावयाचे तर पाण्यात कालविलेला रंग न घेता तेलातला किंवा कोरडा रंग घ्यावा, अशी ताकीद असते. सुरीच्या पात्यावर लावून पाहिलेला लेप काही मिनिटांत चकाकी धरून घट्ट झाला, तर स्फटिक जमले. तो करडा, मऊ राहिला, तर पुन्हा आरंभापासून.

सर्वांत मनोहर काम कोळ्याच्या जाळ्याचे. गडद चॉकलेटची वर्तुळाकार थाळी ओली असतानाच तीवर पांढऱ्या चॉकलेटची एकात एक अशी वर्तुळे काढावयाची, आणि लगोलग दातकोरण्याच्या टोकाने मध्यापासून काठाकडे रेघा ओढावयाच्या. प्रत्येक रेघेबरोबर वर्तुळ बाहेरच्या दिशेस ताणले जाते आणि पाहता पाहता जाळे उमटते. मुदत एक-दोन मिनिटांची. थाळी थिजू लागली की टोक अडखळते.

पुण्या-मुंबईत घरगुती चॉकलेटे करणारे बहुतेक जण ‘कंपाउंड’ वापरतात, त्यात कोको बटरच्या जागी इतर वनस्पतिजन्य स्निग्धांश असल्याने हा सारा खटाटोप लागत नाही, आणि आपल्या उष्म्यात ती सोय समजण्याजोगी आहे. पण मुखात विरघळण्याचा तो गुण कंपाउंडमध्ये येत नाही.

अमेरिकेत हॅलोविनच्या या घरगुती चॉकलेटांची वाटणी मात्र परिचितांतच होते. अनोळखी घरून आलेला, कारखान्याच्या बंद वेष्टनात नसलेला खाऊ मुलांना देऊ नये, असा तेथील पालकांचा रास्त दंडक आहे. शिवाय शेंगदाणे, बदाम, दूध यांपैकी एखादी वस्तू काही मुलांच्या जिवावर बेतू शकते. अशा मुलांसाठी खाण्याऐवजी खेळणी ठेवली आहेत हे कळावे, म्हणून दाराशी निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवण्याची मोहीम 2014 पासून तेथे देशभर चालू आहे. तेव्हा आपण सणासाठी, मग तो हॅलोविन असो वा दिवाळी, शेजारच्या मुलांकरिता चॉकलेट कराल, तर आधी त्यांच्या आईवडिलांना विचारा, आणि पुडीवर त्यातील प्रत्येक जिन्नस आपल्या मुलांच्या हस्ताक्षरात लिहून मगच ती पाठवा.