पॉलिप ते कर्करोग : एकेक कुलूप तुटताना

मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. या वाढीला आवर घालतं ‘एपीसी’ जनुक. ते बिघडलं की एरवी नष्ट होणारं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीकेंद्रात साठतं आणि विभाजनाचा हुकूम सोडत राहतं. त्यातून अस्तरावर छोटी मांसल गाठ येते, तोच पॉलिप. बहुतेक पॉलिप पुढे जातच नाहीत, हे रिपोर्ट हातात घेऊन धास्तावलेल्या पेशंटला आधी सांगायला हवं. पुढे ‘केरास’ हे जनुकही बिघडलं तर गाठ वाढते. ‘पी५३’ हे जनुक निकामी झालं तर सदोष पेशीही मरत नाहीत आणि गाठ कर्करोगाकडे वळते. या सगळ्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. म्हणूनच कोलोनोस्कोपीत पॉलिप काढून टाकणं इतकं उपयोगी ठरतं.

ही साखळी बर्ट व्होगेलस्टीन आणि एरिक फिअरन यांनी १९९० मध्ये मांडली. कर्करोगाच्या सुमारे १५ टक्के गाठींची वाट मात्र वेगळी: तिथे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडते. अशा गाठी पसरल्या तरी इम्युनोथेरपीने अनेकदा चांगल्या दबतात. उलट, ‘केरास’ बिघडलेलं असेल तर सेटुक्सिमॅब या औषधाचा एकट्याने सहसा उपयोग होत नाही. महागडं औषध सुरू करण्याआधी जनुकचाचणी करतात ती यासाठीच.