खरेदी की भाडेपट्टा?

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी अनिवार्य होती. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत मोजलेल्या ग्राहकांचा गेम निरुपयोगी ठरला.

विक्रीने मालकी हस्तांतरित होते, हा बाजारव्यवहाराचा मूलभूत संकेत. येथे विकला गेला तो केवळ वापराचा परवाना. तोही विक्रेत्याच्या मर्जीने संपणारा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अशा व्यवहारास ‘खरेदी’ म्हणताना ही वस्तुस्थिती ग्राहकास स्पष्ट सांगावी लागते. हे योग्यच, परंतु पुरेसे नव्हे. भाडे घ्यायचे, तर मुदत सांगितली पाहिजे. किंमत घ्यायची, तर वस्तू ग्राहकाच्या स्वाधीन केली पाहिजे.