हृदयविकाराने किती माणसं जातात? आकड्यांविषयीचे काही गैरसमज

हृदयविकाराच्या झटक्याने देशात किती मृत्यू झाले, गेल्या वर्षीपेक्षा ते किती वाढले आणि महाराष्ट्र त्यात कसा आघाडीवर आहे, ही बातमी जवळपास दरवर्षी येते. २०२२ साठी तिच्यातला आकडा होता ३२,४५७. आदल्या वर्षीपेक्षा तो चार हजारांनी जास्त होता, आणि त्यातले १२ हजारांहून अधिक मृत्यू एकट्या महाराष्ट्रातले होते. वाचणारा घाबरतो आणि ते स्वाभाविक आहे. पण देशात हृदयविकाराने किती माणसं जातात, याचं उत्तर या आकड्यात नाही.

हा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांवरच्या वार्षिक अहवालातून येतो. त्याचं मूळ पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत आहे. रस्त्यात, बसमध्ये, कामाच्या ठिकाणी कुणी कोसळलं आणि पोलिसांनी ‘अकस्मात मृत्यू’ दाखल केला, तर तो या अहवालात येतो. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डॉक्टरांसमोर झालेला मृत्यू त्यात येत नाही. घरी, अंथरुणात गेलेली आजीही येत नाही.

आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. २०२० मध्ये देशात १८ लाख ११ हजारांहून अधिक मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी लिहून प्रमाणित केलं होतं. त्यात रक्ताभिसरण संस्थेच्या आजारांचा वाटा ३२.१ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ८० हजार मृत्यू. या गटात हृदयविकाराबरोबर पक्षाघातही आहे, त्यामुळे दोन्ही आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. पण एकीकडे हजारांची मोजदाद आणि दुसरीकडे लाखांची, एवढं तर दिसतंच. महाराष्ट्राची लोकसंख्या देशाच्या ९ टक्क्यांच्या आसपास आहे आणि पोलीस नोंदीतले एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू इथले. माझ्या मते यात आजारापेक्षा नोंद करण्याच्या पद्धतीतला फरक जास्त बोलतो. या अहवालावरून राज्यांची क्रमवारी लावू नये.

‘मृत्यूच्या दाखल्यावर कारण असतं, ते मोजलं की झालं’

ग्रामपंचायत किंवा महापालिका जो मृत्यूचा दाखला देते, त्यावर कारण नसतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १७ नुसार मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना त्यात कारण उघड करता येत नाही. गेलेल्या माणसाच्या खासगीपणाचा प्रश्न असल्याने हे योग्यही आहे. कारण लिहिलेलं असतं ते वेगळ्या कागदावर. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, रुग्णालयाबाहेर झाला आणि शेवटच्या आजारात डॉक्टरांनी उपचार केले असतील तर नमुना ४ अ. हे नमुने निबंधकाकडे जातात, तिथून राज्याच्या मुख्य निबंधकांकडे, आणि पुढे भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयातून त्यांचा वार्षिक अहवाल निघतो. एमसीसीडी या नावाने तो ओळखला जातो. हृदयरोगावर काम करणाऱ्याने सुरुवात इथून करावी, पण इथेच थांबू नये.

कारण २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांचंच कारण असं प्रमाणित झालं होतं. उरलेल्या साडेसत्त्याहत्तर टक्के मृत्यूंची तारीख, वय, पत्ता आपल्याकडे आहे, कारण नाही. राज्याराज्यांतली तफावतही मोठी आहे. गोव्यात त्या वर्षी नोंदलेला प्रत्येक मृत्यू प्रमाणित होता, तर बिहार आणि झारखंडात शंभरात दहाही नव्हते. प्रमाणित मृत्यूंमध्ये शहरं जास्त येतात, मोठी रुग्णालयं जास्त येतात आणि पुरुष जास्त येतात. ‘भारतातले ३२ टक्के मृत्यू हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने’ असं या अहवालाच्या आधारे लिहिणं म्हणून चुकीचं आहे. ‘प्रमाणित मृत्यूंपैकी ३२ टक्के’ असं लिहायला हवं. या दोन शब्दांवाचून पुढचं सगळं गणित बिघडतं.

‘हृदय बंद पडलं’ हे कारण नव्हे

नमुना ४ मध्ये डॉक्टरांनी मृत्यूकडे नेणारी साखळी लिहायची असते: सगळ्यात वर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे घडलं ते, आणि तळाशी मूळ आजार. आकडेवारीत मोजला जातो तो हा तळाचा, मूळ आजार. याला काही अपवाद वर्गीकरणाच्या नियमांतच आहेत: ‘उच्च रक्तदाब, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव’ असं लिहिलं तर तो मृत्यू पक्षाघाताच्या रकान्यात जातो. पण घाईत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच लिहिलं, तर काय कळणार? हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो, मग आजार क्षय असो, कर्करोग असो की सर्पदंश. असे मृत्यू कधी हृदयविकाराच्या गटात शिरतात, कधी संदिग्ध कारणांत. अहवालातल्या तक्त्यात इस्केमिक हृदयरोग, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार आणि ‘हृदयाचे इतर आजार’ या ओळी वेगवेगळ्या असतात. अभ्यासकाने ही तिसरी ओळ नीट पाहावी. तिचा आकार अवाजवी मोठा असेल, तर नमुने नीट भरले गेले नाहीत असं समजावं.

पक्षाघातासाठी आणखी एक खबरदारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पक्षाघात रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होता. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला. जसजसे देश नवी आवृत्ती वापरू लागतील, तसतसा ‘रक्ताभिसरणाच्या आजारांचा’ आकडा आपोआप घटलेला दिसेल. आजार तेवढाच असेल, फक्त त्याचं प्रकरण बदललेलं असेल.

‘रुग्णालयांची आकडेवारी मिळाली की चित्र पूर्ण होतं’

या समजाला सगळ्यात ठोस उत्तर गडचिरोलीतून मिळालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ पासून दोन वर्षं ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. घरच्यांना भेटून शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते विचारायचं, लिहून घ्यायचं आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवायचं, अशी ही पद्धत. तिला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे निघाले, म्हणजे १४.३ टक्के. गडचिरोलीच्या खेड्यांत पक्षाघात हे मृत्यूचं पहिलं कारण होतं. २०१५ मध्ये हा अभ्यास ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पक्षाघाताने गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसं घरीच गेली. जिल्ह्यातल्या सगळ्या रुग्णालयांची रजिस्टरं एकत्र केली असती, तरी यातले बहुतेक मृत्यू दिसलेच नसते. आदिवासी, दुर्गम भागात मलेरिया, क्षय, कुपोषण हेच प्रश्न, हृदय आणि मेंदूचे आजार शहरातल्या सुखवस्तू लोकांचे, असं आपण वर्षानुवर्षं धरून चाललो. त्या समजुतीवर औषधांचा पुरवठा ठरला, रक्तदाब मोजण्याची यंत्रं कुठे जायची ते ठरलं. गावातलं लकव्याने गेलेलं माणूस कुठल्याच तक्त्यात नव्हतं, म्हणून त्याच्या शेजाऱ्याचा रक्तदाब मोजायलाही कुणी आलं नाही. आकडेवारीतली पोकळी अशी माणसांच्या जिवावर उठते.

हीच पद्धत देशभर वापरणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. नमुना नोंदणी पद्धत, अर्थात एसआरएस, १९६९-७० पासून पूर्णपणे चालू आहे. निवडक गावं आणि शहरी वस्त्यांमधल्या प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद तिच्यात होते. २००१ नंतर महानिबंधक कार्यालय आणि टोरांटोच्या संशोधन केंद्रातले डॉ. प्रभात झा यांच्या सहकार्यातून तिला व्हर्बल ऑटॉप्सीची जोड मिळाली. २०२१ ते २०२३ च्या मृत्यूंवरच्या अहवालात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा सुमारे ३१ टक्के आहे. हा आकडा डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या मृत्यूंच्या ३२ टक्क्यांच्या जवळ आला, म्हणून दोन्ही स्रोत एकच समजू नयेत. एकात रुग्णालयापर्यंत पोचलेली माणसं जास्त आहेत, दुसऱ्यात न पोचलेलीही आहेत. देशाचं किंवा मोठ्या राज्यांच्या गटांचं बोलायचं असेल तर एसआरएस घ्यावी. एका जिल्ह्यासाठी तिचा नमुना पुरत नाही.

‘तीन सर्वेक्षणं तीन आकडे सांगतात, म्हणजे सगळीच खोटी’

भारतात उच्च रक्तदाब किती जणांना? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे (२०१९-२१) २१.३ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, बेंगळुरूच्या केंद्राने केलेल्या २०१७-१८ च्या असंसर्गजन्य आजार सर्वेक्षणाप्रमाणे २८.५ टक्के. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाप्रमाणे ३५.५ टक्के.

यातलं एकही खोटं नाही. पहिल्या पाहणीत १५ वर्षांपासूनची तरुण मुलंमुली आहेत, दुसरीत १८ ते ६९ वयाची माणसं, तिसऱ्यात २० च्या पुढची सगळी. रक्तदाब वयाबरोबर वाढतो, त्यामुळे किशोरवयीन घेतले की टक्केवारी उतरते. शिवाय मोजणीची वर्षं, वाचन किती वेळा घेतलं, सरासरी कशी काढली, सगळंच निराळं. आकडा उद्धृत करताना वयोगट आणि वर्ष शेजारी लिहिलं तर गोंधळ बराच मिटतो. पहिल्या पाहणीतला आकडा २०१९-२१चा आणि इंडियाबमधला नंतर प्रसिद्ध झालेला, म्हणून ‘रक्तदाब बारा टक्क्यांनी वाढला’ असं लिहिणं हा मात्र अपराध आहे.

याच पाहण्यांत हृदयरोगाचाही प्रश्न असतो, पण तो ‘तुम्हाला हृदयरोग आहे का’ असा तोंडी विचारलेला असतो. ज्याच्या आवाक्यात डॉक्टर होता, तोच ‘हो’ म्हणू शकतो. ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांच्या ‘लासी’ या पाहणीत शहरी आणि सधन माणसांनी हृदयरोग जास्त सांगितला. त्यावरून गरिबांची हृदयं निरोगी आहेत असा निष्कर्ष काढणारे लेख निघतात, आणि ते वाचून वाईट वाटतं. मोजलेला रक्तदाब आणि सांगितलेला आजार ही दोन वेगळ्या जातींची माहिती आहे.

पक्षाघाताच्या बाबतीत असाच घोळ नव्या आणि एकूण रुग्णांचा होतो. मुंबईच्या एच वॉर्डातल्या सुमारे दीड लाख वस्तीत डॉ. प्रफुल्ल दलाल यांच्या चमूने २००५-०६ मध्ये पक्षाघाताचे नवे रुग्ण मोजले. वर्षाला लाखामागे १४५ निघाले. त्याआधी १९८५ मध्ये मुंबईच्या पारशी वसाहतींमधल्या पाहणीत लाखामागे ८४२ होते. वीस वर्षांत पक्षाघात सहापट कमी झाला? नाही. दुसऱ्या आकड्यात पूर्वी कधीही झटका येऊन त्या दिवशी हयात असलेले सगळे धरले आहेत, आणि पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण मोठं आहे. नवे रुग्ण सतत मोजणाऱ्या आयसीएमआरच्या लोकसंख्याधारित पक्षाघात नोंदण्या कटक, तिरुनेलवेली, काछार, कोटा आणि वाराणसी इथे उभ्या राहिल्या. त्या पहिल्या पाचांत महाराष्ट्रातला एकही जिल्हा नाही.

‘जागतिक संकेतस्थळावरचा आकडा म्हणजे मोजणी’

सिअॅटलच्या आयएचएमई संस्थेचा ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ हा प्रकल्प राज्यनिहाय, वयनिहाय, १९९० पासूनचे आकडे कुणालाही उघडून देतो. भारतातल्या एकूण मृत्यूंत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा १९९० मधल्या १५.२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये २८.१ टक्क्यांवर गेला, हा अंदाज त्याच कामातून आला. अंदाज हा शब्द इथे मोलाचा आहे. जिथे नोंदच नव्हती, तिथे उपलब्ध नोंदींवरून सांख्यिकी प्रारूपाने ती जागा भरलेली असते. म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. तीही उतरवून घ्यावी. प्रत्येक नव्या फेरीत १९९० पासूनची सगळी मालिका पुन्हा मोजली जाते, त्यामुळे जुन्या फेरीतलं एक साल आणि नव्या फेरीतलं दुसरं साल जोडून आलेख काढू नये.

‘ही माहिती सामान्य माणसाला मिळत नाही’

बहुतेक माहिती फुकट मिळते. एमसीसीडी आणि एसआरएसचे अहवाल महानिबंधकांच्या संकेतस्थळावर आहेत. कुटुंब आरोग्य पाहणीची ७०७ जिल्ह्यांची तथ्यपत्रकं खुली आहेत, आणि त्यांत मोजलेला रक्तदाब आणि रक्तातली साखर सापडते. मूळ नोंदी हव्या असतील तर मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे विषय सांगून अर्ज करता येतो. लासीचीही हीच संस्था. रुग्णालयात भरती झाल्यावर हृदयरोगासाठी घरातून किती पैसे गेले हे पाहायचं असेल, तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी (२०१७-१८) सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून नाव नोंदवून उतरवून घेता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या अँजिओप्लास्टींची संख्या मात्र आजाराची संख्या म्हणून वापरू नये. त्या संख्येवरून योजनेखाली किती प्रक्रिया झाल्या एवढंच कळतं.

आणि घरातल्या कुणाचा रुग्णालयात असा मृत्यू झाला, तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर खासगी असो वा सरकारी, प्रत्येक रुग्णालयाने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनामूल्य द्यायची आहे. ती मागून घ्यावी आणि तळाच्या ओळीत मूळ आजार लिहिलाय का ते वाचावं. नसेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारावं, कारण पुढे निघणाऱ्या तक्त्यात तीच ओळ मोजली जाणार असते.