जुनी गाडी ‘टोटल लॉस’ ठरणार? सही करण्याआधी हे आकडे तपासा

कोयनेतून विसर्ग वाढला की सांगली-मिरजकरांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे लागते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये त्याने पुन्हा धोका पातळी ओलांडली. घरातले सामान माळ्यावर टाकता येते, पण दारातली चारचाकी वेळेत हलवली नाही तर ती पाण्यातच राहते.

पूर असो वा महामार्गावरचा अपघात, गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर विम्याच्या दाव्यात एक प्रश्न हमखास येतो. गाडी दुरुस्त करायची की ‘टोटल लॉस’ धरायची? या निर्णयावर मालकाच्या हातात किती पैसे येणार, हे ठरते. त्यामुळे त्यामागचे गणित आधीच समजून घ्यायला हवे.

आधी पाहा, विमा कोणता आहे?

गाडी जुनी झाली की अनेक जण फक्त थर्ड पार्टी विमा घेतात. कायद्याने तेवढा सक्तीचा आहे. पण त्यातून समोरच्याच्या नुकसानीची भरपाई मिळते, आपल्या गाडीची नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी ‘ओन डॅमेज’ किंवा सर्वसमावेशक पॉलिसी लागते. ती नसेल तर पुढची चर्चाच होत नाही.

टोटल लॉस कधी धरतात?

पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘आयडीव्ही’ हा आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी ही कमाल रक्कम. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याने कमी होतो. पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के वजा होतात. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता नाही. कंपनी आणि मालक यांच्या संमतीने रक्कम ठरते.

गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की गाडी टोटल लॉस धरतात. जुन्या गाडीची अडचण इथेच आहे. आठ लाख आयडीव्हीच्या गाडीला दीड-पावणेदोन लाखांचा खर्च आला तर ती बिनदिक्कत दुरुस्तीला जाते. तोच खर्च दोन लाख आयडीव्हीच्या गाडीला आला की ती रेषेजवळ पोहोचते.

हप्ता थोडा कमी बसावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही खाली आणण्याची सवय असते. वाचतात काही शे रुपये, पण भरपाईची कमाल मर्यादा हजारोंनी घसरते. पॉलिसी चालू असताना हा आकडा बदलत नाही. म्हणून दाव्याच्या वेळी ‘बाजारात या गाडीला आता इतकेच मिळतात’ असे सांगून कोणी तो कमी करू लागले, तर पॉलिसीवरचा आकडा दाखवा.

गॅरेजचा अंदाज एक, सर्व्हेअरचा आकडा दुसरा

खरा वाद इथे होतो. समजा, नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि आयडीव्ही २,००,००० रुपये. टोटल लॉसची रेषा झाली १,५०,००० रुपयांवर. गॅरेजने १,६०,००० रुपयांचा अंदाज दिला. मालकाला वाटते, गाडी टोटल लॉस झाली. पण सर्व्हेअर पॉलिसीच्या शर्तींप्रमाणे घसारा लावतो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, दहा वर्षांपुढे ५० टक्के. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के. काचेवर घसारा नाही.

• धातूचे भाग ९०,००० रुपये : मंजूर ५४,०००
• प्लास्टिक-रबर ३०,००० रुपये : मंजूर १५,०००
• मजुरी ४०,००० रुपये : मंजूर ४०,०००
• एकूण मंजूर : १,०९,००० रुपये

१,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते. ती जाऊन कंपनी देणार १,०८,००० रुपये. उरलेले ५२,००० मालकाच्या खिशातून. कंपनीच्या हिशेबात हा खर्च आयडीव्हीच्या ५४-५५ टक्केच भरतो, म्हणून ती ‘दुरुस्त करा’ म्हणते. पॉलिसीत खर्च ‘अटी व शर्तींच्या अधीन’ मोजावा असे शब्द असतात, कंपन्या त्याच्यावर बोट ठेवतात.

अशा वेळी दोन गोष्टी करा. पहिली, खर्च कसा मोजला याचा तपशील लेखी मागा. दुसरी, पुरातली गाडी असेल तर दुरुस्तीला संमती देण्याआधी ती पूर्ण उघडून तपासायला सांगा. वायरिंग, ईसीएम, गिअरबॉक्समधले नुकसान वरून दिसत नाही. उघडल्यावर पुरवणी अंदाज येतो आणि निर्णय बदलू शकतो. मात्र, गाडी टोटल लॉस ठरली तर उघडण्याचे आणि गॅरेजमध्ये उभी ठेवण्याचे पैसे कोण देणार, हे गॅरेजकडून आधी लिहून घ्या.

टोटल लॉस ठरली तर दोन वाटा

पहिली वाट : गाडी कंपनीच्या ताब्यात द्यायची आणि आयडीव्हीतून वजावट जाऊन पूर्ण रक्कम घ्यायची. वरच्या उदाहरणात १,९९,००० रुपये.

दुसरी वाट : मोडलेली गाडी स्वतःकडे ठेवायची. मग तिची भंगार किंमत आयडीव्हीतून वजा होते. ती ६०,००० रुपये धरली तर हातात १,३९,००० रुपये येतात. गाडी कमी खर्चात उभी करून देणारा ओळखीचा गॅरेजवाला असेल तरच ही वाट परवडते. ६०,००० रुपयांची बोली कोणी, कधी आणि किती दिवसांसाठी दिली, याचा कागद मागा. बोली फुगवलेली असेल आणि पुढे तेवढे पैसे देणारा भेटला नाही, तर तो फरक तुमचाच तोटा. मोडकी गाडी विकत बसण्याचे काम सामान्य ग्राहकावर टाकू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले आहे. त्यामुळे ‘गाडी तुम्हीच विका’ असा आग्रह झाला तर पहिली वाट मागा.

गाडीवर कर्ज असेल तर रकमेवर पहिला हक्क बँकेचा. बाकी राहिली तरच ती तुम्हाला मिळते.

पाण्यातली गाडी सुरू करू नका

पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी’ म्हणून चावी फिरवली जाते. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने नव्हे, तर गाडी सुरू केल्याने झाले, असे म्हणून कंपनी इंजिनाचा खर्च नाकारू शकते. इंजिनासाठीचे जादा संरक्षण घेतलेले नसेल तर हा धोका मोठा. बॅटरीची जोडणी काढा, दारावर आणि सीटवर पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच न्या. टोईंगसाठी साध्या पॉलिसीत साधारण १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात, त्यावरची पावती जपून ठेवा.

कोऱ्या फॉर्मवर सही नको

मोडकी गाडी नेणारा अनेकदा फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या मागतो. गाडी दुसरीकडे उभी राहते, रस्त्यावर येते, पण परिवहन कार्यालयात नाव तुमचेच असते. तिने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याचे नाव, तारीख भरलेले फॉर्म, ओळखपत्राची प्रत आणि ताबा दिल्याची पावती घ्या. नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून आरसी रद्द करून घ्यावी लागते.

निर्णय पटला नाही तर?

प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत अहवाल आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या निकालात म्हटले आहे. म्हणून दुसऱ्या अधिकृत गॅरेजचा तपशीलवार अंदाज जोडून हरकत नोंदवा, फोनवर नाही, ईमेलवर.

• आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ‘बिमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांकही आहे.
• महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. सांगली जिल्ह्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.
• दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे दोन वर्षांची मुदत आहे.

‘पूर्ण आणि अंतिम समझोता’ असे लिहिलेल्या कागदावर सही केल्यावर पुढची लढाई अवघड होते. रक्कम मान्य नसेल तर सही करण्याआधीच तसे लेखी कळवा.

पावसाळ्याआधी पाच मिनिटे

मोबाईलमधली पॉलिसी उघडा. ओन डॅमेज आहे का, आयडीव्ही किती आहे, इंजिन संरक्षण घेतले आहे का, या तीन गोष्टी पाहा. आयडीव्ही बाजारभावापेक्षा फार कमी वाटला तर पुढच्या नूतनीकरणाला वाढवून मागा. पॉलिसी आणि आरसीची प्रत घरातल्या दुसऱ्या एखाद्याच्या फोनवरही पाठवून ठेवा. पुराच्या गडबडीत तुमचा फोन बंद पडला तरी दावा कळवायचे काम थांबणार नाही.