भारोत्तोलन पट्टा
जड वजन उचलताना कमरेभोवती बांधावयाचा, बहुधा चामड्याचा रुंद पट्टा. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन स्पर्धांत त्याची कमाल रुंदी १२ सेंमी. असते. खोल श्वास रोखून पोटाचे स्नायू पट्ट्यावर दाबले असता उदरपोकळीतील दाब वाढतो व पाठीच्या कण्यास आतून आधार मिळतो. पोट सैल राहिल्यास पट्ट्याचा फारसा उपयोग होत नाही. श्वास रोखल्याने रक्तदाबही एकाएकी वाढतो; म्हणून उच्च रक्तदाब वा हर्निया असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय तसे करू नये. पट्ट्यामुळे इजा टळतेच असे नाही. त्याच्या भरवशावर आवाक्याबाहेरचे वजन उचलल्यास धोका उलट वाढतो. पाठीचे खरे रक्षण अचूक तंत्र, वजनातील क्रमशः वाढ आणि पाठीपोटाच्या स्नायूंचे बळ यांनीच होते.