मडकं बोलू लागलं तर!

मडकं कशाला लागतं? पेणकरपाड्यातल्या माझ्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की उत्तरं ठरलेली असतात. पाणी गार करायला, दहीहंडीला, विरजण लावायला. "वाजवायला" असं मात्र कुणीच म्हणत नाही!

पण गोव्यात विचारा. तिथं झटकन सांगतील, "घुमट!" देवळावरचा घुमट नव्हे हं. हे आहे मातीचं वाद्य. पोट फुगीर आणि तोंडं दोन. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवतात, दुसरं लहान तोंड उघडंच ठेवतात. वादक उजव्या हाताने कातड्यावर थाप मारतो आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकतो, उघडतो. सगळी गंमत या डाव्या हातात आहे, बरं का! थाप पडली की आतली हवा स्प्रिंगसारखी दबते, सुटते. तोंड जितकं झाकाल तितका आवाज खाली उतरतो, उघडलंत की वर चढतो. म्हणून घुमट नुसतं वाजत नाही, बोलल्यासारखं वाटतं.

गणपतीच्या आरत्या, शिगमो, ख्रिस्ती घरांतले मांडो, सगळीकडे घुमट हजर. जोडीला काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि कासाळें म्हणजे झांजा. देऊळ असो की चर्च, मडकं तेच! आपल्या उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातही लग्नाच्या गाण्यांना घुमटाची साथ देण्याची जुनी पद्धत आहे. तुमचा एखादा मित्र उत्तन-गोराईकडचा असेल तर त्याच्या आजीला जरूर विचारा.

आता थोडी कडू गोष्ट. घुमटावर पूर्वापार कातडं असायचं ते घोरपडीचं. हो, सिंहगडाच्या गोष्टीतली तीच घोरपड! तिचं कातडं पातळ आणि चिवट, त्यामुळे आवाज खणखणीत. पण एका वाद्यासाठी एक जीव जायचा. शेतातले उंदीर, किडे खाणारा हा प्राणी तसा आपल्या कामाचाच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपडीला संरक्षण मिळालं आणि तिचं कातडं वापरणं गुन्हा ठरला. मग घुमट बंद पडायचं की काय? वादकांपुढे पेच पडला. काहींनी बकऱ्याचं कातडं लावून पाहिलं. जुने जाणकार नाक मुरडायचे, "पहिल्यासारखा नाद नाही!" त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. कातडं बदललं की आवाज बदलणारच, आणि चतुर्थी येते ऐन पावसाळ्यात, तेव्हा दमट हवेने कातडं सैल पडतं. तरी मला विचाराल तर सौदा वाईट नाही. नाद थोडा बदलला, घोरपड जगली आणि घुमटही राहिलं. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ते बकऱ्याच्या कातड्याचा पर्याय मिळाल्यावरच.

कातडं नसलेलं मडकंही वाजतं बरं! दक्षिणेतलं घटम् तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आणि दूर आफ्रिकेत, नायजेरियातल्या इग्बो लोकांत, 'उदू' नावाचं वाद्य आहे. त्यांच्या भाषेत उदू म्हणजे मडकंच! पाण्याच्या घड्यासारखं दिसतं, फक्त पोटाला आणखी एक भोक. त्या भोकावर तळवा आपटून पटकन उचलला की आतून "डुब्" असा खोल आवाज निघतो. पूर्वी हे वाद्य मुख्यतः बायका वाजवत. गोव्याचा वादक कातडं बडवतो, इग्बो बाई हवाच बडवते, पण दुसऱ्या हाताने तोंड झाकायची युक्ती दोघांची एकच.

करून पाहायचंय? घरातला रिकामा माठ घ्या (आईला विचारून!). तो सुती कापडाच्या चुंबळीवर ठेवा. तळवा किंचित खोलगट करून माठाच्या तोंडावर हलकेच मारा आणि लगेच उचला. मग तोंड दुसऱ्या हाताने अर्धं झाकून पुन्हा मारा. आता माठात थोडं पाणी ओता. आवाज वर गेला की खाली, ते वहीत लिहून ठेवा. आणि हो, अंगठी घातलेल्या हाताने मारू नका, माठ तडकतो!